डब्यांची सायकल : मंगळवार पेठेतलं एक प्रकरण

"दादा, गिअरची सायकल घेतली ती चढासाठी. आणि चढालाच पाय भरून येतात. मग काय उपयोग तिचा?"

फेब्रुवारीतली गोष्ट. आमच्या मागच्या गल्लीतल्या ताई सायकल ढकलत माझ्या ओट्यापाशी आल्या. मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बरीच वर्षं मेंटेनन्सला होतो. आता घरी बसून गल्लीतल्या सायकली, मिक्सर, शिलाई मशिनं बघतो. पैसे घेत नाही, चहा घेतो. त्यामुळे माझ्याकडे येणारं काम बहुधा आधी कुणीतरी बिघडवून झालेलं असतं. या सायकलचंही तसंच होतं, फक्त बिघडवणारा ताईंचा दहावीतला मुलगा होता आणि त्यानं ते मोबाईलवरून केलं होतं.

ताई घरगुती जेवणाचे डबे देतात. मंगळवार पेठेच्या वरच्या अंगाला घर, गिऱ्हाईक मात्र सगळं खाली, पोवई नाका आणि सदर बझारच्या बाजूला. सातारा ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. गाव अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला उतरणीवर वसलंय. राजवाड्याकडून नाक्याकडे येताना सायकलला पायडल मारावं लागत नाही आणि परत जाताना मारलेलं पुरत नाही. आधी ताई हे डबे रिक्षानं पाठवायच्या, पण त्यात नफ्याचा मोठा घास रिक्षाच खायची. पुण्याला शिकायला निघालेल्या एका पोराकडून त्यांनी ही सायकल अडीच हजाराला घेतली. सव्वीस इंची, पुढं गिअरच्या तीन दातेरी चकत्या, मागं सात, मोटारसायकलसारखी नक्षी असलेले जाड टायर. दिसायला दणकट, अंगावर स्टिकर भरपूर.

अट एकच होती. "तीन हजारांच्या वर जाऊ देऊ नका. पुढच्या महिन्यात भिशी भरायचीय."

मी आधी डबा तोलला. तीन पुडांचा स्टीलचा डबा, भात-आमटी-भाजी-चपातीसकट, हुकाच्या काट्यावर १ किलो २६० ग्रॅम भरला. असे बारा. म्हणजे पंधरा किलोच्या थोडं वरचं ओझं, शिवाय पिशवी-क्रेटचं वजन वेगळं. हा आकडा मी ओट्याच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवला. पुढं सगळे वाद याच आकड्यानं मिटले.

मुलाची ऑर्डर

मुलगा हुशार आहे, आणि हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही. आईचे पाय भरून येतात म्हणून त्यानं चार रात्री व्हिडिओ बघितले, आणि आईच्या नावावर तीन वस्तू मागवल्या. पहिली, सीटच्या दांड्याला आवळायचा अॅल्युमिनियमचा कॅरिअर, ७४९ रुपये. दुसरी, मागच्या चाकाची सात चकत्यांची कॅसेट, ८९९ रुपये, तिची मोठी चकती ३४ दात्यांची. तिसरी, हँडलला लावायचा मोबाईल होल्डर, १९९ रुपये. हा होल्डर कुणालाच नको होता. डिलिव्हरी फुकट व्हायला थोडे रुपये कमी पडत होते म्हणून तो टोपलीत आला. या युक्तीला मीही बळी पडलोय, त्यामुळे त्यावर मी काही बोललो नाही.

त्याचा हिशेब मात्र चुकीचा नव्हता. मागच्या सर्वांत मोठ्या चकतीला २८ दाते आहेत. ती ३४ ची केली की चढ हलका होणार, बरोबर आहे. चूक होती ती आधीच्या पायरीवर. सायकलच्या मागच्या चाकाला चकत्या बसवायच्या दोन पद्धती आहेत. जुन्या आणि स्वस्त सायकलींना फ्रीव्हील असतं, म्हणजे चकत्या आणि आतली टक-टक करणारी यंत्रणा असा अख्खा गोळा हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, आट्यांनी फिरवून बसवलेला. दुसऱ्या पद्धतीत ती यंत्रणा हबलाच जोडलेली असते आणि चकत्यांचा गठ्ठा, म्हणजे कॅसेट, तिच्या खाचांवर सरकवून वरून नटानं दाबतात. एकाचा माल दुसऱ्याला बसत नाही. फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. चकत्या सात, रंग चंदेरी, किंमतही आसपासची.

ओळखायचं कसं ते मी मुलाला चाक काढून दाखवलं. एक्सलच्या भोवती, सर्वांत लहान चकतीच्या आत, पान्हा बसायच्या खाचा असतात. चाक हातात धरायचं आणि चकत्या उलट्या दिशेनं फिरवायच्या. खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट. चकत्या फिरल्या आणि खाचा जागेवर राहिल्या तर फ्रीव्हील. त्यानं फिरवलं. टर्र आवाज करत चकत्या मागं गेल्या, खाचा जागच्या हलल्या नाहीत. पोराचा चेहरा उतरला.

"काका, मग आता फ्रीव्हीलच मागवतो ना, ३४ वालं?"

"थांब. आधी ही सायकल किती हलकी होऊ शकते ते तरी बघू."

मी पुढचा गिअर बदलायचा खटका दाबला. साखळी मधल्या चकतीवर होती, तिथंच राहिली. पुन्हा दाबला. खटका वाजतो, आत काही हलत नाही. वायरचं बाहेरचं काळं आवरण खालच्या बाजूला चिरलं होतं, तिथून पाणी शिरून आतली तार गंजून आवरणाला चिकटली होती. सायकल घेतल्यापासून ताई मधल्याच चकतीवर चढ चढत होत्या. लहान चकती आहे आणि ती कशासाठी आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. विकणाऱ्या पोरानंही सांगितलं नसणार, त्याची कसरत सपाट रस्त्यावरची.

आता आकडे बघा. पुढच्या तीन चकत्यांना ४२, ३४ आणि २४ दाते आहेत. मधली ३४ ची आणि मागं २८ ची असेल तर पायडलच्या एका फेऱ्याला चाक १.२१ फेरे फिरतं. या टायरचा घेर साधारण २ मीटर ७ सेंटिमीटर आहे, म्हणजे एका फेऱ्यात सायकल अडीच मीटर पुढं जाते. मुलानं मागवलेली ३४ ची चकती बसली असती तर हेच अंतर २ मीटर ७ सेंटिमीटरवर आलं असतं. आणि पुढची साखळी नुसती लहान चकतीवर उतरली, तर मागं काहीही न बदलता ते पावणेदोन मीटरवर येतं. ओझं तेच, पण चढ जवळजवळ एक तृतीयांशानं सोपा.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. गिअरची तार आणि आवरण मिळून ९० रुपये लागले, राजवाड्याजवळच्या सायकलच्या दुकानातून. एक सांगतो, दुकानात "वायर द्या" म्हणू नका, "गिअरची वायर" म्हणा. ब्रेकची तार जाड असते, दीड मिलिमीटरच्या पुढं, गिअरची १.२ ची. मुंड्याही वेगळ्या. गडबडीत दुकानदार हाताला येईल ती देतो.

तार बदलली, खटका दाबला, साखळी खळ्ळकन लहान चकतीवर पडली. ताई तिथंच गल्लीत एक चक्कर मारून आल्या. "अगं बाई," एवढंच म्हणाल्या.

इथं प्रकरण संपलं असं मला वाटलं होतं.

उताराची गोष्ट

कॅरिअरचं बघायचं म्हणून दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "सकाळी डबे घेऊन निघता तेव्हा घरापासून नाक्यापर्यंत किती वेळ लागतो?"

"पस्तीस मिनिटं."

"आणि परत यायला?"

"तेवढाच. थोडा जास्त."

मी चक्रावलो. उतारावर पस्तीस मिनिटं? तिथं पंधरा मिनिटांत पोचायला हवं. तेव्हा त्या सहज, पोळी लाटताना बोलावं तसं बोलून गेल्या, "राजवाड्यापर्यंत मी उतरून चालतच जाते ना. डबे असले की सायकल थांबत नाही."

मी कपाळावर हात मारला. इतके दिवस आम्ही सगळे चढ-चढ करत होतो. पण भरलेले डबे उतारावर जातात, चढावर येतात ते रिकामे! पंधरा किलो ओझं आणि बाई, दोन्ही मिळून उतरणीला लागतात, आणि ब्रेक लागत नाही. मी ओझं तोललं होतं, पण ते कुठल्या दिशेनं जातं हे विचारलंच नव्हतं. मेंटेनन्सवाल्याला हे शोभत नाही.

ब्रेक बघितले. दोन्ही चाकांना व्ही-ब्रेक, म्हणजे दोन बाजूंच्या दोन दांड्यांनी रिंग दाबणारे, ही चांगली जात आहे. रबर झिजून कडक झाले होते, नखानं ओरखडा पडत नव्हता. पण मला शंका रिंगची होती. फ्रिजवर लावायचं एक चुंबक आमच्याकडे आहे, पेढेवाल्यानं दिवाळीत दिलेलं, त्यावर कंदी पेढ्याचं चित्र. ते रिंगला लावलं. टक्कन चिकटलं. पुढची पण लोखंडी, मागची पण. वरून चंदेरी मुलामा असल्यामुळे अॅल्युमिनियमची वाटते.

लोखंडी मुलामा दिलेली रिंग कोरडी असताना बरी चालते. ओली झाली की ब्रेकचं रबर तिच्यावरून घसरतं, थांबायला कितीतरी जास्त अंतर लागतं. आत्ता फेब्रुवारी होता. जूनमध्ये साताऱ्यात या उतारावर काय झालं असतं ते बोलायला नको. अॅल्युमिनियमच्या रिंगवर रबर ओल्यातही बऱ्यापैकी धरतं. दोन्ही चाकं बदलायची तर बजेट तिथंच संपणार. मग ठरवलं, फक्त पुढचं. ब्रेक दाबताना वजन पुढच्या चाकावर येतं आणि थांबवायचं मोठं काम तेच करतं.

चाक ऑनलाइन तयार मिळतं, मुलानं मला दाखवलंही. पण चाक ही वस्तू मी दुकानातूनच करून घेतो. आमच्या मिस्त्रींनी जुना हब ठेवला, ३६ भोकांची अॅल्युमिनियम रिंग ४८० ची, नवे स्पोक १८० चे, आणि चाक गुंफून त्याचा आउट, म्हणजे डुगडुग, काढायची मजुरी २००. बसून बघण्यासारखं काम असतं ते. स्टँडवर चाक फिरतंय, मिस्त्री खडूचं टोक रिंगजवळ धरतात, जिथं रिंग खडूला घासते तिथं रेघ उमटते, आणि त्या रेघेसमोरचे स्पोक पाव-पाव फेरा आवळत जातात. शेवटी स्पोक बोटांनी छेडून बघतात, सगळ्यांचा आवाज सारखा यायला हवा. हे कुरिअरनं येत नाही.

ब्रेकचे रबर मात्र आम्ही ऑनलाइन घेतले, दोन्ही चाकांचे मिळून २४० ला. गावात होते ते प्लास्टिकसारखे कडक होते. बसवताना एक छोटी गोष्ट करायची. रबराच्या मागच्या टोकाखाली दुमडलेल्या पोस्टकार्डाची चिंधी अडकवायची, ब्रेक दाबून धरायचा, मग बोल्ट आवळायचा आणि कागद काढून टाकायचा. म्हणजे रबराचं पुढचं टोक केसभर आधी टेकतं आणि ब्रेक किंचाळत नाही. इथं पुढचं म्हणजे चाक फिरत ज्या दिशेला जातं त्या बाजूचं.

टायरवरचे बारीक आकडे

मागच्या टायरमधून धागे डोकावत होते. मुलगा म्हणाला, "काका, हा बघा, सव्वीस इंची, निम्म्या किमतीत." फोटोखाली लिहिलं होतं २६ × १ ३/८. आमच्या टायरवर २६ × २.१०. दोन्ही सव्वीसच, त्याचं म्हणणं.

बारीक अक्षरात टायरच्या कडेला अजून एक आकडा असतो, तो वाचायला मी त्याला टॉर्च दिला: ५४-५५९. यातला दुसरा आकडा खरा. टायर रिंगवर जिथं बसतो तिथला व्यास मिलिमीटरमध्ये. त्याच्या स्वस्त टायरचा तो ५९० निघतो. तब्बल ३१ मिलिमीटरचा फरक, तो टायर आमच्या रिंगवरून गळूनच पडला असता. सव्वीस इंच या एकाच नावाखाली ५८४ चाही एक प्रकार आपल्याकडे फिरतो. म्हणून शोधताना इंच लिहायचेच नाहीत, ५५९ लिहायचं. आम्ही ४७-५५९ घेतला, थोडा अरुंद आणि कमी नक्षीचा, डांबरी रस्त्यावर घरघर न करणारा, ४४० रुपयांना. तो मापात आला. पुढचा जुना तसाच ठेवला, अजून वर्षभर जाईल.

कॅरिअर, पिशव्या आणि आमटी

सीटच्या दांड्याला अडकवायचा तो अॅल्युमिनियमचा कॅरिअर मी बसवूनच बघितला नाही. एकाच पकडीवर मागं लटकणारी वस्तू, खड्ड्यात आदळली की बाजूला फिरणार. पण मत हा पुरावा नव्हे. खोक्याच्या तळाशी बोटभर कागद घडी करून ठेवला होता, त्यावर बारीक अक्षरात जास्तीत जास्त भार ९ किलो लिहिलेलं. विकताना लिहिलं होतं ५० किलो. मी तो कागद भिंतीवरच्या माझ्या खडूच्या आकड्याशेजारी धरून फोटो काढला.

गावातल्या दुकानात लोखंडी कॅरिअर ३८० ला मिळाला, मागच्या एक्सलच्या नटात पाय अडकवायचा. जड आहे, रंग टाकल्यासारखा. पण त्याचं वेल्डिंग आपल्या डोळ्यांसमोर असतं आणि तो दुकानात उभं राहून वाकवून बघता येतो. वरच्या बाजूनं फ्रेमला अडकवायला या सायकलला भोकंच नाहीत. तिथं रबर लावलेल्या पाइपच्या क्लिपा वापरल्या, हार्डवेअरच्या दुकानातल्या, फ्रेमच्या नळीच्या मापाच्या. नट घेताना आत नायलॉनचं कडं असलेले घ्यायचे, साधे नट खडबडीत रस्त्यावर आठवड्यात सैल होतात.

बारा डबे एकावर एक क्रेटमध्ये रचून कॅरिअरवर ठेवणं सोपं होतं, आणि पहिल्या दिवशी आम्ही तेच केलं. सायकल स्टँडवर उभी करताच पुढचं चाक हवेत. वळणावर मागचा भाग ताईंच्या आधी वळायचा. ओझं खाली आणायला हवं होतं. बाजूच्या पिशव्या हव्या होत्या, आणि तयार जोडीच्या किमतीत आमचा सगळा हिशेब उलटला असता.

पिशवीचं कापड आमच्या चौकात टांगलेलं होतं. वाढदिवसाचे फ्लेक्स! गेल्या महिन्याचा एक उतरवून गुंडाळून ठेवला होता, मंडळाच्या पोरांनी आनंदानं दिला. फ्लेक्सचं कापड पाणी आत येऊ देत नाही आणि सहजी फाटत नाही. छापील बाजू आत ठेवली, त्यामुळे डबे रोज सकाळी हात जोडलेल्या कुणा भावी नेत्याच्या छातीवर विराजमान होतात. ताईंना ते फार आवडलंय. पिशवीला ताठपणा हवा म्हणून आतून सनपॅकचा, म्हणजे पोकळ प्लास्टिकचा, पत्रा, तोही जुन्या बोर्डाचा. शिलाई ताडपत्री शिवणाऱ्याकडून करून घेतली, त्याचं मशीन जाड दोऱ्याचं, १५० रुपये. माप डब्यावरून ठरलं. डबा साडेतेरा सेंटिमीटर रुंद, तीन ओळीत ठेवले की साडेचाळीस, म्हणून पिशवी ४२ लांब आणि १५ रुंद. दोन्ही बाजूंना तीन-तीन, उरलेले सहा वर क्रेटमध्ये, दोन ओळींत. क्रेट मंडईतून जुना घेतला, ६० रुपये. नट, क्लिपा, हुक यांचे ७०.

इथं माझी चूक झाली. पिशवी टेबलावर मापली, सायकलवर बसून मापली नाही. पहिल्याच फेरीत ताईंची टाच प्रत्येक पायडलला पिशवीच्या कोपऱ्याला लागायला लागली. पिशव्या चार सेंटिमीटर मागं सरकवल्या आणि खालचा पुढचा कोपरा तिरका कापून पुन्हा शिवला.

दुसऱ्या दिवशी त्याहून वाईट झालं. पिशवी वर हुकांवर लटकत होती, खालून मोकळी. खड्ड्यात तिनं झोका घेतला आणि खालचा पट्टा स्पोककडे ओढला गेला. चाक अडकलं नाही, नशीब. पण ताईंनी घाबरून पाय टेकला, सायकल कलंडली आणि वरच्या क्रेटमधले दोन डबे उघडून रस्त्यावर आले. सकाळी अकरा वाजता राजपथावर कटाच्या आमटीचा वास. कुत्री आली. दोन गिऱ्हाइकांना त्या दिवशी हॉटेलातून जेवण आणून द्यावं लागलं, ते पैसे मी हिशेबात धरलेले नाहीत, ताईंनी मला सांगितलेच नाहीत.

संध्याकाळी जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या. पिशवीच्या तळाला भोक पाडून त्यात पट्टी ओवली आणि कॅरिअरच्या पायाला खाली ताणून बांधली. आता पिशवी हलत नाही. पिशवी आणि स्पोक यांच्यामध्ये सनपॅकचा एक जास्तीचा तुकडाही उभा केला. क्रेटवरून ट्यूबचीच एक मोठी पट्टी आडवी, हुकासकट. पंक्चरवाल्याकडे फुकट मिळणारी ट्यूब ही माझ्या मते सायकलची सर्वांत उपयोगी अॅक्सेसरी आहे. तिचा उल्लेख कुठल्याही दुकानाच्या यादीत नसतो.

मडगार्ड तेलाच्या प्लास्टिक कॅनचे केले. कॅनची कड मुळातच गोलाईची असते, त्या गोलाईवरून सहा-सात सेंटिमीटरच्या पट्ट्या कापायच्या, कडा ब्लेडनं खरवडायच्या, एकीवर एक चढवून बोल्टनं जोडायच्या. सुंदर दिसत नाहीत.

परतीचा वाद

आता पैसे परत मिळवायचे. कॅसेटचं प्रकरण सरळ होतं. आमचीच चूक, वस्तू बसवलेली नव्हती, मुदत उरली होती, परत गेली, पैसे आले. मुलानं पाकीट उघडताना व्हिडिओ काढला होता, हे त्यानं बरं केलं.

कॅरिअरवाला विक्रेता मात्र अडला. आधी म्हणाला खोकं उघडलंय. मग म्हणाला, वस्तू चालू आहे, तुमचं मत बदललंय. दोन दिवसांनी उत्तरच नाही. मुलगा चिडून वाईट शेरा लिहायला निघाला होता, मी म्हटलं आधी तक्रार लिही, शेरा नंतर.

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० मध्ये दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. वस्तू जाहिरातीत सांगितलेल्या गुणांची नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. आणि ऑनलाइन बाजार चालवणाऱ्यानं तक्रार अधिकारी नेमायचा, त्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत तिचा निकाल लावायचा. आमच्या तक्रारीत रागाचं एकही वाक्य नव्हतं. ऑर्डर क्रमांक, "५० किलो" लिहिलेल्या पानाचा स्क्रीनशॉट, "९ किलो" लिहिलेल्या कागदाचा फोटो, आणि एक ओळ: जाहिरातीत सांगितलेला भार आणि सोबतच्या पत्रकातला भार वेगळा आहे, वस्तू परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर जायचं ठरवलं होतं. त्याची वेळ आली नाही. अकराव्या दिवशी ७४९ रुपये जमा झाले.

स्क्रीनशॉट मुलानं ऑर्डर करतानाच काढून ठेवला होता, मित्रांना दाखवायला. आम्ही तक्रार केली तोवर त्या पानावरचे ५० किलो गायब झाले होते.

होल्डर परत करण्यात अर्थ नव्हता. १९९ रुपये गेले ते गेले. पण तो वाया गेला नाही, ताई त्यात मोबाईलऐवजी डब्यांची यादी लावतात, जाड पुठ्ठ्यावर लिहिलेली. कुणाला कांदा-लसूण नको, कुणाचा उपवास.

हिशेब

गिअरची तार ९०, कॅरिअर ३८०, पुढचं चाक ८६०, ब्रेकचे रबर २४०, टायर ४४०, शिलाई १५०, क्रेट ६०, किरकोळ ७०, आणि होल्डरचे १९९. एकूण २,४८९ रुपये. ऑनलाइन घेऊन कामी आलेल्या वस्तू दोनच, रबर आणि टायर, मिळून ६८०. दोन्हींच्या बाबतीत आम्हाला आकडा माहीत होता. कॅसेट आणि कॅरिअरच्या वेळी फक्त फोटो माहीत होता.

गावातलं दुकान नेहमी स्वस्त पडतं असं मी म्हणणार नाही. तसा टायर गावात त्या मापात नव्हताच, आणि मिस्त्रींनी मागवून दिला असता तर त्यांचा फायदा धरून महाग पडला असता. पण ९० रुपयांची तार ऑनलाइन घ्यायची तर डिलिव्हरीचा खर्च तेवढाच, आणि मग तो टाळायला पुन्हा एक होल्डर.

उताराला आता ताईंना सतरा-अठरा मिनिटं लागतात. उतरून चालत नाहीत. चढाला अजून पाऊण तासाच्या आसपास, कारण वाटेत दोन ठिकाणी थांबून गप्पा होतात, त्याला गिअर नाही. पावसाळ्यात पुढचा ब्रेक नीट धरतो, मागचा ओला झाला की नुसता आवाज करतो. मी त्यांना सांगितलंय, ओल्या रस्त्यावर मागचा आधीपासून हलका दाबून ठेवा, रिंग पुसली जाते, मग पुढचा हळूहळू.

रविवारी सकाळी यवतेश्वरच्या घाटाकडे निघालेली सायकलवाली मंडळी आमच्या गल्लीच्या तोंडावरून जातात, कासपर्यंत. हेल्मेट, चष्मे, ताईंच्या सगळ्या सायकलच्या किमतीची एकेकाची चप्पल. त्यातला एकजण परवा थांबून पिशव्यांचा फोटो काढून गेला. कुठून मागवल्या, असं विचारत होता.

गेल्या आठवड्यात मागच्या चाकाचा एक स्पोक तुटला. चकत्यांच्या बाजूचा. तोच तुटतो नेहमी, त्या बाजूला ताण जास्त असतो, आणि वर आता बारा डबे. नवा घालायचा तर फ्रीव्हील खोलावं लागणार, आणि खोलायला बारा खाचांचा पान्हा हवा. गावात तीन दुकानं फिरलो. एकाकडे आहे तो दोन खाचांचा, जुन्या जातीचा. मुलानं ऑनलाइन दोन पान्हे शोधून ठेवलेत, दिसायला एकसारखे. खाचा मोजायला चाक माझ्या ओट्यावर आणून ठेवलंय.